विषय : कचरा उचलणेबाबत

छत्रपती संभाजीनगरच्या कचऱ्याचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्याला सगळ्यात जास्त माल लोकांच्या अर्जांत सापडेल. हे मी धंद्यावरून सांगतो. मी अर्जनवीस. जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर छत्रीखाली टेबल मांडायचं आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारी भाषेत बसवून द्यायची, हा आमच्या घरचा दोन पिढ्यांचा व्यवसाय. वडील निजामाच्या अमलात उर्दूतून दरख्वास्ती लिहायचे. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर त्यांनी मराठी मसुदे घोटून घेतले आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला तोवर त्यांचा हात मराठीवर पक्का बसला होता. मी टाइपरायटरवर वाढलो. आता शेजारी पुतण्या संगणक घेऊन बसतो आणि मी तोंडी मजकूर सांगतो.

सातबारा, वारसनोंद, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला यांवर आमची चूल पेटते. कचऱ्याचा अर्ज हा त्यात उशिरा आलेला पाहुणा. वडिलांच्या तोंडून मी जमिनीच्या, पाण्याच्या, कुळाच्या अर्जांचे किस्से ऐकले, पण कचरा उचला म्हणून कुणी त्यांच्याकडे आल्याचं ऐकलं नाही.

कारण उघड होतं. तेव्हाच्या घरात फेकण्यासारखं फार काही निघतच नसे. चुलीची राख भांड्यांना लागायची, भाजीचे देठ आणि शिळंपाकं शेळीच्या पुढ्यात जायचं, चिंध्या आणि डबे कबाडी घेऊन जायचा. उरलेलं शेण, पालापाचोळा उकिरड्यात. उकिरड्याला मालक असे आणि त्यातल्या खताला गिऱ्हाईक. ज्या वस्तूला भाव आहे तिच्याविषयी कुणी तक्रार करत नाही.

पण ‘आमच्या काळी शहर किती स्वच्छ होतं’ असं कुणी म्हणालं की मी त्याला थांबवतो. जुन्या शहरात पाटीचे संडास होते. मैला माणसांच्या डोक्यावरून वाहिला जायचा आणि ती माणसं ठरावीक जातींचीच असायची. आपली स्वच्छता त्यांच्या पाठीवर उभी होती. ही प्रथा बंद करायला पहिला केंद्रीय कायदा झाला 1993 साली, आणि तो पुरेना म्हणून दुसरा 2013 साली. त्या माणसांच्या वतीने एकही अर्ज आमच्या वडिलांच्या टेबलावर आला नाही, हीसुद्धा इतिहासातली नोंदच आहे.

या शहराची कीर्ती पाण्याची. 1610 साली मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. नहर-ए-अंबरीच्या त्या करामतीवर लोकांनी पुस्तकं लिहिली. 1744 साली पूर्ण झालेली पाणचक्की पाहायला आजही बाहेरगावचे लोक येतात. स्वच्छ पाणी आत कसं आणायचं याचा विचार झाला तेवढा, घाण बाहेर कुठे जाणार याचा कुणी केला नाही. ती खाम नदीत गेली. मकाई दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा या नदीच्या पुलांवर उभे आहेत, पाणचक्की तिच्या काठावर. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहरातून वाहत खाली गोदावरीला, जायकवाडीच्या पाण्याला जाऊन मिळते. आणि शहर पाणी पितं ते जायकवाडीचंच. खामच्या पुलावरून पिशवी भिरकावणाऱ्याला मी एवढंच सांगतो, की बाबा, तू टाकतोस ते तुझ्याच नळाच्या दिशेने निघालंय.

अर्ज सुरू झाले ते शहर फुगल्यावर. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली, मग वाळूज आलं, सिडकोने एन-वन, एन-टू करत वसाहती बांधल्या. 8 डिसेंबर 1982 रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,73,311 होती. 2011 साली ती 11,75,116 भरली. दहा वर्षांत तीन लाख माणसं वाढली आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आली. कचऱ्याला आता गिऱ्हाईक राहिलं नाही. शेतकऱ्याने प्लॅस्टिक मिसळलेलं खत नाकारलं, उकिरड्याची जागा कचराकुंडीने घेतली.

त्या काळातले बहुतेक अर्ज कुंडीचे. निम्मे लोक म्हणत, आमच्या गल्लीत कुंडी द्यावी. उरलेले म्हणत, आमच्या घरासमोरची कुंडी हलवावी. कधीकधी एकाच गल्लीतले दोघं पाठोपाठ यायचे. मी दोघांचेही अर्ज मन लावून लिहून द्यायचो. आमच्या धंद्यात बाजू घेत नाहीत.

कचऱ्याच्या अर्जाचं तंत्र मला शिकवलं ते गारखेड्याकडच्या एका बाईंनी. त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रात्री कुणीतरी राडारोडा आणून टाकायचं. विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, जुन्या संडासाची भांडी. आधी कुणीतरी लिहून दिलेला अर्ज त्यांनी मला दाखवला. त्यात ‘परिसरात घाणीचे साम्राज्य पसरले असून रोगराई पसरण्याची दाट शक्यता आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढाच मजकूर. असले अर्ज गावभर पडलेले असतात. परिसर कोणता, कोण टाकतंय, कधी टाकतंय, काहीच नाही. वाचणाऱ्या बाबूने तरी जायचं कुठे?

मी विचारलं, “ताई, गाडीचा नंबर?”

“ट्रॅक्टर येतो, काका. ट्रॉलीला नंबरच नाही.”

“मग ट्रॉलीवर काय लिहिलंय?”

त्यांनी क्षणभर आठवलं. “मागच्या फळीवर ‘आई-वडिलांची पुण्याई’. लाल अक्षरात. आणि ‘पु’चा उकार उडालाय.”

तो उकार उडालेला मी अर्जात जसाच्या तसा घेतला. प्लॉटच्या शेजारच्या घराचा मालमत्ता कराचा क्रमांक, जवळची खूण, वारांसकट रात्रीची वेळ, कोणत्या बाजूने ट्रॅक्टर आत येतो आणि कुठून बाहेर पडतो, सगळं एका पानात. सोबत फोटो. ट्रॉली सापडली. महिनाभरात नवीन ढीग पडणं थांबलं. तेव्हापासून माझ्याकडे कचऱ्याचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला मी आधी प्रश्न विचारतो आणि मगच कागद लावतो.

या शहरात अर्जाचा दुसरा शत्रू म्हणजे हद्द. सिडकोच्या वसाहती 2006 पर्यंत सिडकोच्या ताब्यात होत्या, मग महापालिकेकडे आल्या. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायतीत होतं, मग थोडे दिवस नगर परिषद झाली, मग ते महापालिकेत आलं. तिथल्या एका गृहस्थांनी रस्त्याकडेच्या एकाच ढिगाविषयी तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या नावे माझ्याकडून अर्ज लिहून घेतले. ढीग हलला नाही, त्याचा मालक तेवढा बदलत गेला. छावणीची परिषद वेगळी. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या भागात औद्योगिक विकास महामंडळ मधे येतं. सुया, सलाइनच्या बाटल्या, रक्ताळलेला कापूस असा दवाखान्याचा कचरा दिसला तर अर्जाची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही द्यावी लागते, कारण त्याचे नियमच निराळे. ‘सदर क्षेत्र या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य परत आलेल्या अर्जांवर मी इतक्या वेळा वाचलंय, की आता अर्ज करतानाच ज्यांची ज्यांची हद्द लागू शकते त्या सगळ्यांना प्रती टाकतो. म्हणजे निदान त्यांनी आपापसात तरी ठरवावं.

अर्जाच्या मागे कायद्याचं बळ आलं ते हळूहळू. मध्य प्रदेशातल्या रतलामचे रहिवासी उघडी गटारं आणि दुर्गंधीला कंटाळून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. लोकांचं आरोग्य राखणं हे नगरपालिकेचं कर्तव्यच आहे. वकील मंडळींकडून हा निकाल मला कळला तेव्हा मी कलम 133 वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे. दंडाचं म्हणाल तर 1860 च्या दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाला 200 रुपयांपर्यंत दंड होता, नव्या न्याय संहितेत तो 1000 रुपयांपर्यंत गेलाय. एका ट्रॉलीच्या भाड्यापुढे दोन्ही किरकोळच.

पुढे 1996 साली अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यातून 2000 साली देशाचे पहिले घनकचरा नियम निघाले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं नागरिकावर बंधनकारक केलं. बांधकामाच्या राडारोड्यासाठी त्याच वर्षी वेगळे नियम आले. 2005 साली माहितीचा अधिकार आला, आणि दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ हे विचारण्याची सोय झाली. आमच्या टेबलावर त्या कायद्याइतकी बरकत दुसऱ्या कुठल्याच कायद्याने आणली नाही.

पण या सगळ्या अर्जांत एक खोट होती. ‘उचला’ असं प्रत्येक अर्ज म्हणत होता. उचलून कुठे न्या, हे कुणीच लिहीत नव्हतं. मीही ते कधी विचारलं नाही, कुणी पैसे देऊन विचारायला सांगितलंही नाही. उत्तर ठरलेलंच होतं : नारेगाव.

शहराच्या पूर्वेला, चिकलठाणा विमानतळाच्या बाजूला, नारेगाव-मांडकीच्या शिवारात शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षं पडत होता. वेगळा न केलेला, झाकला न गेलेला, पेटत आणि धुमसत राहणारा. विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला 1937 च्या विमान नियमांतच मनाई आहे. घारी आणि गिधाडं विमानाला धडकतात म्हणून. तरी ढीग वाढत राहिला. नियम विमानांसाठी होता, त्या धुरात राहणाऱ्या माणसांसाठी तेवढाही नव्हता.

तिकडचे लोकही माझ्याकडे यायचे. विहिरीचं पाणी काळं पडलं, रात्री धुराने लेकरं झोपत नाहीत, मोकाट कुत्री शेळ्या फाडतात, पोरांच्या सोयरिकी मोडतात. त्यांच्या अर्जाचा विषय मात्र उलटा असे, ‘कचरा न आणणेबाबत’. सकाळी गुलमंडीकडच्या दुकानदाराचा ‘उचला’ टाइप करायचा आणि दुपारी मांडकीकडच्या शेतकऱ्याचा ‘आणू नका’. दोन्ही कागद एकाच शहराचे होते. ते एकमेकांसमोर कधी ठेवले गेले नाहीत, एवढंच.

2018 साली ते समोरासमोर आले. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या होत्या, मुदत मागून घेऊन प्रशासनाने वेळ मारून नेली. मुदत संपली आणि 16 फेब्रुवारी 2018 पासून गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या पुन्हा रोखल्या, त्या रोखल्याच. वर्तमानपत्रांनी त्याला कचराकोंडी हे नाव दिलं. रोज चारशे टनांहून अधिक कचरा, आणि तो टाकायला जागा नाही. औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत चौकाचौकात ढीग. लोकांनी ते पेटवले. खदानींत, नाल्यांत, पडक्या विहिरींत रातोरात गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. 7 मार्चला कचऱ्याच्या गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या, तिथे दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर झाला. त्याच महिन्यात महापालिका आयुक्त बदलले आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. 23 मार्चला राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. शहर नाक दाबून बसलेलं होतं.

त्या दिवसांत माझ्या टेबलावर रांग असायची. पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी, चिकलठाणा, जिथे जिथे जागा पाहिली जाई तिथले लोक ‘आमच्याकडे नको’ घेऊन येत. शहरातले ‘आमच्याकडून न्या’ घेऊन. एक चाचा रोशन गेटकडून आले होते. अर्ज लिहून झाल्यावर म्हणाले, “भाई, ये उठाके किसके घर के सामने डालेंगे?” सगळ्या शहरात हा प्रश्न विचारणारं माझ्याकडे आलेलं तेवढं एक गिऱ्हाईक.

मग गोष्टी हलल्या. राज्य सरकारने सुमारे नव्वद कोटींचा आराखडा मंजूर केला. चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल इथे प्रक्रिया केंद्रं आखली गेली, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा 30 टनांचा प्रकल्प. 2019 पासून घरोघरी कचरा उचलणाऱ्या गाड्या फिरू लागल्या, कुंड्या हटल्या. माजी सैनिकांचं नागरी मित्र पथक रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला जागेवर दंड करू लागलं. खामच्या काठावर महापालिका, छावणी परिषद, संस्था आणि उद्योग यांनी मिळून सफाईचं काम धरलं, काठावर झाडं आणि बसायच्या जागा झाल्या.

कुंडी गेली तरी कुंडीची जागा लोकांच्या हाताने लक्षात ठेवली. गाडी सकाळी येते तेव्हा जे घरी नसतात, ज्यांना वेगळं करायचा कंटाळा आहे, हॉटेलवाले, मांसविक्रेते, घर पाडणारे ठेकेदार, हे सगळे रात्री त्याच कोपऱ्यावर येतात. जळगाव रस्ता, बीड बायपास, नाल्यांचे पूल, मोकळे प्लॉट. तेव्हा अर्जाचं काम संपलेलं नाही. म्हणून आता जे मी टेबलावर येणाऱ्याला सांगतो ते इथेही सांगतो.

ढीग दिसला की आधी फोटो, आणि फोटोत आजूबाजूची ओळखू येणारी खूण हवी : दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक, मंदिर, मशीद, शाळेची भिंत. टाकणारा दिसला तर गाडीचा नंबर, नसेल तर रंग आणि तिच्यावरचं लिखाण. अंगावर धावून जाऊ नका, रात्री तर नाहीच. कचऱ्याचा प्रकार लिहा. घरगुती, राडारोडा, दवाखान्याचा, कारखान्याचा, मेलेलं जनावर. प्रत्येकाचं खातं वेगळं. केंद्र सरकारच्या स्वच्छता ॲपवर किंवा महापालिकेच्या मदत क्रमांकावर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘निकाली’ असा मेसेज आला तरी जागेवर जाऊन बघा, ढीग तिथेच असेल तर जुना क्रमांक लिहून पुन्हा टाका. तेवढ्याने झालं नाही तर वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. त्याच्यापुढे लोकशाही दिन आहे, शासनाचं आपले सरकार पोर्टल आहे, माहितीचा अधिकार आहे, आणि सगळं थकलं तर दंडाधिकाऱ्यापुढे कलम 152. एकट्याच्या अर्जापेक्षा गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या जड पडतात, हे मी टेबलावर बसून पाहिलंय.

आणि अर्ज खाली संपतो तिथे, ‘आपला विश्वासू’च्या वर, एक ओळ मी आता सगळ्यांच्या अर्जात घालतो, तिचे वेगळे पैसे घेत नाही : ‘उचललेला कचरा कोणत्या प्रक्रिया केंद्रावर नेण्यात आला, ते अर्जदारास लेखी कळवावे.’ उत्तर क्वचितच येतं. पण प्रश्न दप्तरी नोंदला जातो, आणि दप्तरी नोंदलेला प्रश्न माहितीच्या अधिकारात पुन्हा विचारता येतो. तीस वर्षं आपण हा प्रश्न विचारला नाही, त्याची किंमत नारेगावने मोजली. आपल्या दारातला ढीग दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं याला सफाई म्हणत नाहीत. तुमच्या पुढच्या तक्रारीत ही ओळ लिहा, आणि लिहिण्याआधी घरातला ओला-सुका वेगळा करा. नाहीतर तो कुठे गेला हे विचारायचा अधिकार आपल्याला उरत नाही.